झोक्यावरची हर्षाली

येळवशीच्या सकाळी दैवशालाबाईंच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसायची, आणि कुणी ठेवलाच तर ओरडा ठरलेला. चुलीवर भज्जीचं, सगळ्या शेंगाभाज्यांच्या कालवणाचं, मोठं पातेलं रटरटत होतं, परातीत ज्वारीचे उंडे मांडलेले होते, आणि कोपऱ्यात चुंबळीवर बसवलेल्या बिंदग्यात रात्रभर मुरलेली आंबील फडक्याखाली गप पडून होती. मार्गशीर्षातली अवस, वेळा अमावास्या. आज सगळं गाव रानात जाणार, कडब्याच्या झोपडीवजा कोपीत पांडवांचे दगड पुजणार आणि येईल त्याला पोटभर जेवू घालणार. धाराशिवकडच्या माणसाची दिवाळी एक वेळ चुकेल, येळवस चुकायची नाही.

हर्षाली उंबऱ्याशी पाटावर बसून शेंगा सोलत होती. तिला सातवा लागला होता. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी एवढा एक प्रवास कर आणि मग बाळंत होईपर्यंत घर सोडू नकोस, असं बजावून पाठवलं होतं. म्हणजे बाळंतपण पुण्यातच. आणि म्हणून नवरा रणधीरला पुण्यात ठेवून ती आली होती, आईला न्यायला.

"आये, उद्या रणधीर गाडी घेऊन येतोय. तुझी बॅग भरू का मी?"

"मिठाचा डबा दे इकडं."

"आये."

"बघू म्हनलं न्हाय का?"

दोन दिवस हेच चाललं होतं. अंगणात डोक्याला पटका गुंडाळणारे हर्षालीचे वडील बलभीमअप्पा तिथूनच म्हणाले, "तिला कशाला इचारतीस, हर्षे? तिच्या धाकटीला इचार. धाकटीनं रजा दिली तर यील."

"तुमी आंबील उचला अन् रानात जावा," दैवशालाबाई आतून फणकारल्या. "पांडव वाट बघायलेत."

धाकटी हा घरातला जुना विनोद होता. त्याला फक्त अप्पा हसायचे. खरं तर हर्षाली एकुलती एक. तिच्या पाठीवर कुणी झालंच नाही.

काल दुपारी गोधडी काढायला म्हणून हर्षालीनं आईची पेटी उघडली होती. वरच दोन हिरव्या साड्या होत्या. एकाच दुकानाच्या, एकाच काठाच्या, घडीवरचा कागदसुद्धा तसाच. सातव्या महिन्यात लेकीला हिरवी साडी घ्यायची, हे बरोबर होतं. दुसरी कुणासाठी, हे हर्षालीला विचारावं लागलं नाही. तिनं पेटीचं झाकण हळूच खाली सोडलं होतं आणि कितीतरी वेळ दोन्ही हात पोटावर धरून ती तिथंच बसून राहिली होती.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

येळवशीला कुणी कुणाच्या घराची कडी वाजवत नाही. ज्याला यायचं तो सरळ रानातल्या कोपीवर येतो. अप्पांनी दार उघडलं तर बाहेर बंडप्पा उभा. मौजगावचा राखणदार. खाकी सदरा, माकडटोपी, आणि थंडीतही कपाळावर घाम.

"आक्का," तो आत न येताच म्हणाला, "जुना गाव काढायला लागलेत. आजच. गोरोबा कुंभाराला काढलं. रुद्रम्माच्या मालकाला काढलं. पोरीचा लंबर दुपारच्या आत लागतोय."

"आज? येळवशीला?"

"बाहेरची मानसं हायेत. त्यांला कशाची येळवस?"

दैवशालाबाईंच्या हातातली पळी पातेल्यातच राहिली. त्यांनी आधी हर्षालीच्या पोटाकडं पाहिलं. मग तिच्या हनुवटीकडं. आणि मग चुलीतली लाकडं बाहेर ओढून त्यांनी पाणी मारलं. भज्जी अर्धी कच्ची होती.

हे मौजगाव म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

येरमाळ्याहून येडशीकडं जाताना महामार्गाच्या कडेला एक उंच आकाशपाळणा दिसतो, तेच ते. महांतप्पाशेट नावाच्या अडत्यानं ते उभारलं, हर्षाली नऊ वर्षांची असताना. शेट कुठल्याशा मोठ्या शहरातला पार्क बघून आला आणि तोंडाला फेस येईस्तोवर त्याचंच सांगत सुटला. मग त्यानं आपल्या माळरानावर आकाशपाळणा आणला, छोटी आगगाडी आणली, पाण्याच्या घसरगुंड्या आणल्या. आणि एका कडेला उभा केला जुना गाव. त्यात माणसाएवढे फायबरचे पुतळे, खरे कपडे घातलेले, खऱ्या केसांचे. चाकावर कुंभार, तराजू धरलेला वाणी, जात्यावरच्या बाया, आणि सिमेंटच्या चिंचेच्या झाडाला लोखंडी साखळीनं टांगलेला झोका. झोक्यावर हसणारी पोर.

पुतळे करणारा कोल्हापूरकडचा होता. तो शेटला म्हणाला, मनानं केलेला चेहरा मेलेला दिसतो, मला जितेजागते चेहरे द्या. शेटनं आसपासच्या गावांत निरोप धाडले. ज्याच्या तोंडाचा साचा घेतला जाईल त्याला जेवण, टोपी-टॉवेल आणि घरच्यांना जन्मभराचा फुकट पास. लोक हौसेनं आले. नवरदेवासारखे तेल लावून आले.

हर्षालीला कुणी बोलावलं नव्हतं. ती आईबरोबर बघायला गेली होती. पण ती हसायला लागली की मान मागं टाकून असं हसायची की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. पुतळेवाल्यानं हातातलं काम टाकलं. म्हणाला, "झोक्यावरची पोर हीच."

त्या दिवसाचं हर्षालीला सगळं आठवतं. शाळेच्या वऱ्हांड्यातली फळी. तोंडाला चोपडलेलं व्हॅसलीन. नाकात सरबताच्या दोन नळ्या. हसत राहा, तो म्हणाला, आणि ती हसत राहिली. मग थंडगार लगदा डोळ्यांवर, गालांवर, ओठांवर आला. आवाज दूर गेले. लगदा घट्ट व्हायला लागला आणि आपोआप गरम व्हायला लागला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, पेटलं. ती उठायला गेली. तेव्हा दोन हातांनी तिची मनगटं फळीवर दाबून धरली. बांगड्या टोचल्या, त्यावरून हात कुणाचे ते तिला कळलं. खूप लांबून, विहिरीच्या वरून यावा तसा आवाज आला, "हलू नको गं बाई, झालंच, झालंच."

साचा निघाल्यावर पुतळेवाला खूश झाला. हसू बरोबर पकडलंय म्हणाला.

तसं ती पुन्हा कधी हसली नाही. म्हणजे दुःखी झाली, अबोल झाली, असं काही नाही. ती शिकली, विनोद करायची, सिनेमा बघून खिदळायची. पण मान मागं टाकून, सगळं अंग हलवून येणारं ते हसू गेलं ते गेलंच. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पोरी मोठ्या होतात, हसणं बदलतं. दैवशालाबाईंनी मान हलवली. मग मौजगावच्या उद्घाटनाला त्या झोक्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि तिथून त्यांना ओढून आणावं लागलं.

त्यानंतर दर गुरुवारी त्या मौजगावला जायला लागल्या.

लोकांना ती हौस वाटली. आणि त्यांची एकटीचीच नव्हती ती. जिथं जिथं साचे घेतले होते त्या घरांना मौजगावचं वेडच लागलं. आधी स्वतःला बघायला यायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायचे, पुतळ्याशेजारी तशाच अदबीनं बसून फोटो काढायचे. मग पुतळ्यांमागची माणसं एकेक करून म्हातारी झाली, काही गेली. आणि मग येणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. रुद्रम्मा दर सोमवारी येऊन नवऱ्याच्या, वीरभद्र वाण्याच्या, तराजूत चार शेंगदाणे ठेवायची आणि म्हणायची, "तोलून द्या बरं, मापात मारू नका." गोरोबा कुंभाराच्या सुना त्याला नवी नात दाखवायला घेऊन आल्या. येळवशीला तर दुपार उतरली की रानातली बिंदगी घेऊन माणसं थेट जुन्या गावात यायची, प्रत्येक पुतळ्यापुढं आंबिलीचा घोट सांडायची आणि मग आगगाडीत बसून घरी जायची. बाहेरगावचे पाहुणे एकदा बघून जात. ही माणसं मात्र कायमची मौजगावची झाली. कुणी थट्टा केली तर भांडायची.

दैवशालाबाई पाळण्यात बसल्या नाहीत की घसरगुंडीवर गेल्या नाहीत. पण आकाशपाळण्याची कुठली खुर्ची कुरकुरते हे त्यांना पाठ होतं. आगगाडीवाला त्यांना बघून शिट्टी वाजवायचा. एका वर्धापनदिनाला महांतप्पाशेटनं त्यांच्या गळ्यात हार घातला आणि मौजगावच्या सगळ्यात जुन्या चाहत्या म्हणून पेपरात फोटो आला. कात्रण हर्षालीच्या सोलापूरच्या वसतिगृहात पोचलं. मैत्रिणी हसल्या. हर्षालीपण हसली, तोंडावर हात ठेवून.

कारण फोटोत आईच्या मागं झोका होता, आणि झोक्यावरच्या पोरीच्या अंगात हर्षालीच्या तेव्हाच्या वयाचा, तेव्हाच्या मापाचा पंजाबी ड्रेस होता.

ते असं होतं. पुतळ्याला पहिल्या वर्षी फ्रॉक होता. दोन येळवशींनंतर दैवशालाबाईंनी परकर-पोलकं नेलं. मग शाळेचा गणवेश, मग ड्रेस. बंडप्पाच त्यांना बाह्या उसवून घालायला मदत करायचा. हर्षालीचं लग्न झालं त्या साली पोरीच्या अंगावर साडी आणि गळ्यात काळे मणी आले. नऊ वर्षांच्या त्या अंगावर ती साडी कशी दिसायची, ते हर्षालीनं एकदाच पाहिलं आणि पुन्हा जुन्या गावात पाऊल टाकलं नाही.

पण एक गोष्ट तिला कधी झटकता आली नाही. सोलापूरला असताना ती स्कूटीवरून पडली, हनुवटीला टाके पडले. घरी घाबरतील म्हणून तिनं कळवलं नाही. संध्याकाळी आईचाच फोन आला. पहिला प्रश्न, "हनुवटी कशी हाय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तिला चीर पडलीय," आई म्हणाली. "सकाळी."

म्हणून आज, बंडप्पानं बोलावलेल्या रिक्षात आईशेजारी बसताना हर्षालीनं तू जा, मी थांबते असं म्हटलं नाही. अप्पा बिंदगं डोक्यावर घेऊन दारात उभे होते. ते आज विनोद करत नव्हते.

"पूजा म्या उरकतो," ते म्हणाले. "पोरीला संबाळ." आणि मग जरा थांबून, "दोघींला."

महामार्गावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना तुरीच्या आणि ज्वारीच्या रानात धूर निघत होते, माणसं झाडाखाली जमली होती, पण रस्ता सुना, दुकानं, टपऱ्या सगळं बंद. वर्षातून एकदाच गावं अशी ओस पडतात. हर्षालीला लहानपणी त्याची मजा वाटायची. आज तिला वाटलं, सगळी माणसं एकाएकी कुठंतरी बोलावली गेलीत आणि आपल्यालाच निरोप मिळाला नाही.

"आये, तोडला तर तोडला," ती म्हणाली. "फायबर आहे ते."

"व्हय."

"मला काही होणार नाही."

दैवशालाबाई पिशवी छातीशी धरून समोर बघत होत्या. पिशवीतून हिरवा काठ दिसत होता.

"चीर पडली तवा तूच पडली हुतीस," त्या म्हणाल्या. "आता तू एकटी न्हाईस."

मौजगावचं फाटक सताड उघडं होतं. आकाशपाळणा बंद होता, वाऱ्यानं त्याची एक खुर्ची कुरकुरत होती. जुन्या गावाच्या दिशेनं कापायच्या मशीनचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा येत होता.

भिंतीच्या कडेनं मुरमावर पुतळे निजवून ठेवले होते. कपडे काढून एका बाजूला गठ्ठा केला होता. उघडे, पिवळट, तोंडं आभाळाकडं. गोरोबाचे हात चाक फिरवायच्या पवित्र्यात तसेच वर होते. वीरभद्र वाणी कमरेतून दोन झाला होता आणि तरी गिऱ्हाईकाकडं बघावं तसा नम्रपणे बघत होता. हर्षालीनं त्यांच्यावरून नजर काढून घेतली, आणि तेव्हा तिला झोका दिसला.

तो अजून टांगलेला होता. पोर हसत होती. मान मागं, दात उघडे, हनुवटीवर बुजवलेली चीर. आणि तिच्या पायांचे अंगठे जमिनीला टेकले होते.

"हे असं कसं?" हर्षालीच्या तोंडून निघून गेलं. तिला आठवत होतं ते वेगळं होतं. ती लहान असताना पोरं त्या पायांखालून चेंडू घालवायची.

"आक्काला इचारा," बंडप्पा म्हणाला. "दर वर्साला जरा जरा खाली यायलीय. साखळी लोखंडाची. म्या तर तिला हात लावला न्हाय कधी."

"मुरूम टाकत असाल दर वर्षी. जमीन वर आली असेल."

"टाकतो की. आसंल." बंडप्पानं टोपी काढून डोकं खाजवलं. "पर मुरूम तर सगळ्या गावात टाकतो. कुंभाराचं चाक न्हाय बुडालं."

"वाढायलीय ती," दैवशालाबाई म्हणाल्या, उद्या ऊन पडेल म्हणावं इतक्या सहज.

मशीनवाला पोरगा साखळीपाशी गेला होता. मशीन सुरू झाली. दैवशालाबाई चालत गेल्या आणि त्यांनी साखळीवर, जिथं पातं येणार होतं बरोबर तिथं, पंजा ठेवला. पोरगा ओरडून मागं सरला. मशीन बंद पडली.

त्या शांततेत शेडमधून विरेश धावत आला. महांतप्पाशेटचा मुलगा, वडील गेल्यावर सगळं बघणारा.

"काकू! काय करताय? हात गेला असता." मग हर्षालीला बघून तो ओशाळला. "मी सांगणारच होतो तुम्हाला. पण काय सांगू? इथं लाटांचा तलाव करतोय. लोकांना आता हे नको आहे, काकू. मुलं रडतात इथं. भुताचं गाव म्हणतात."

"तू बी रडायचास," दैवशालाबाई म्हणाल्या. "शेटच्या कडेवर. तुला हिच्यासमोर आणलं की गप व्हायचास."

विरेशनं झोक्याकडं पाहिलं आणि मग दुसरीकडं.

"तोडू नगंस. खोलून खाली घे. अख्खी. मग तुला काय करायचं ते कर."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं मान डोलावली. पान्हे आणले गेले. फळीला गंजलेले बोल्ट निघता निघेनात. बंडप्पा आणि तो पोरगा दोन्हीकडून लागले. हर्षाली जरा अंतरावर एका ओट्यावर बसली होती, आणि तिचं सगळं लक्ष पोटाकडं होतं. बाळ सकाळपासून चुळबुळत होतं. शेवटचा बोल्ट सुटला, दोघांनी पोरीला वर उचललं, तिचे अंगठे जमिनीवरून निघाले, आणि बाळ थांबलं.

ती वाट बघत राहिली. दोघं पुतळा घेऊन चालत होते, पाऊल पाऊल. आई बरोबर चालत होती, पुतळ्याच्या डोक्याखाली हात धरून. पोटात काहीच नव्हतं. दगड ठेवल्यासारखी शांतता. हर्षालीनं तोंड उघडलं, पण हाक कुणाला मारायची ते तिला कळेना, आणि तिच्या लक्षात आलं की तिचीच मनगटं तिला दुखताहेत. कुणी दाबून धरल्यासारखी.

जुन्या गावातल्या कोपीत कडबा पसरलेला होता. त्यावर त्यांनी पोरीला निजवलं. पाठ कडब्याला टेकली आणि बाळानं एक लाथ मारली, इतकी जोरात की हर्षाली वाकली.

"काय झालं?" विरेश म्हणाला.

"काही नाही. फिरलं."

आई तिच्याकडं बघत होती.

हर्षाली उठून कोपीपर्यंत गेली. एवढ्या वर्षांत ती त्या चेहऱ्याच्या इतक्या जवळ कधी आली नव्हती. पुतळा बसायच्या जागी खालून उघडा होता आणि आत पोकळ. ती गुडघ्यांवर वाकली आणि आत पाहिलं. आत, अंगाच्या त्या पिवळ्या बोगद्याच्या टोकाला, चेहऱ्याची उलटी बाजू होती. खोलगट नाक, खोलगट गाल, आतून दिसणारे डोळे. ती डावीकडं सरकली तसा तो चेहरा तिच्याकडं वळला. उजवीकडं सरकली तर उजवीकडं. आणि आतल्या बाजूनं तो हसत नव्हता. आतून ते तोंड फक्त उघडं होतं.

तिला ते तोंड ओळखीचं वाटलं. लगद्याखाली तिचं तोंड तसंच उघडं होतं.

"आये," ती म्हणाली, "ही हसत नाहीये."

"ठावं हाय मला," दैवशालाबाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"उद्घाटनापासनं." त्यांनी पुतळ्याच्या कपाळावरचे केस मागं सारले, रोजच्या सवयीनं. "लोकांला वाटायचं, म्या मौज बघायला येतीया. तू इथंच राहिली हुतीस, हर्षे. त्या अंधारात. घरी आली ती शानी, सरळ पोर हुती, अभ्यास करनारी. माजं काय म्हननं न्हाय तिच्यावर. पर राहिली ती एकटीच हुती. तिला कोन सोबत? मी न यावं तर कोन यावं?"

"म्हणून पुण्याला आली नाहीस कधी."

"गुरवार यायचा ना मधी."

त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता. रेशन आणायला उशीर का झाला, हे सांगावं तसं त्या सांगत होत्या. हर्षालीला रागवायचं होतं. लग्नानंतर दरवर्षी बोलावूनही न आलेल्या आईवर तिच्याकडं पुष्कळ राग साठला होता. पण तिच्या मनगटांवरची कळ अजून गेली नव्हती, आणि समोर आईचे हात दिसत होते, काचेच्या त्याच जाड बांगड्यांमधले, म्हातारे झालेले.

"ही इथंच राहील आता," ती म्हणाली. "विरेश कुठंतरी टाकेल हिला. तू उद्या येणार का माझ्याबरोबर? खरं सांग."

दैवशालाबाईंनी पिशवीतून एक हिरवी साडी काढली. पण आईनं ती पुतळ्यावर पांघरली नाही. ती हर्षालीच्या हातात दिली. मग दुसरी काढली आणि तीही तिच्याच हातात दिली, पहिलीवर नीट घडी जुळवून.

"दोन्ही तुझ्या," त्या म्हणाल्या. "धर."

बाहेर विरेशनं मशीनवाल्याला काहीतरी सांगितलं आणि ते दोघं शेडकडं गेले. बंडप्पा वीरभद्र वाण्याच्या दोन तुकड्यांवर त्याचंच धोतर पांघरत होता, रुद्रम्मा आली तर म्हणून. भिंतीपलीकडच्या रानात कुणीतरी पिकावर आंबील शिंपडत फिरत असावं, ओलगेऽ ओलगेऽ असा पुकारा येत होता, जवळ आणि मग लांब.

रिकामा झोका अजून हलत होता. त्याच्याखालच्या मुरमात दोन ओळी पडलेल्या होत्या, शेजारी शेजारी, बोटभर खोल. पायांच्या अंगठ्यांनी रेटत रेटत झोका घेतला की पडतात तशा. पुतळा तर हलत नव्हता. वाऱ्यानं हलला असेल, हर्षाली मनात म्हणाली. ओळींच्या तळाशी माती ताजी, ओलसर होती.

दैवशालाबाई कोपीतून बाहेर आल्या. पदरानं त्यांनी झोक्याची फळी पुसली, आधी वरून, मग खालून, पूजेचा पाट पुसावा तशी. एका हातानं साखळी धरून त्यांनी झोका थांबवला. मग त्या लेकीकडं वळल्या आणि पहिल्यांदाच, या दोन दिवसांत, त्यांचा चेहरा घाबरलेल्या माणसासारखा दिसला. नाही म्हणशील का, असं विचारणारा.

"येते म्या पुन्याला," त्या म्हणाल्या. "राहीन बी, म्हनशील तवर. तू फकस्त हितं बस. एकदा. म्हंजी राहिलेली ती बी तुझ्यासंगं यील. हळूच देते झोका, तुला काय हुऊ देत न्हाय. अन् पाय तेवढे वर घे, जमिनीला लावू नको."